299 ची नथ, त्यातले माझे 43

हाताने केलेल्या नथी मी गेले दहा महिने एका ऑनलाइन साईटवर विकते आहे. साईटचं नाव लिहीत नाही, कारण माझी एक तक्रार त्यांच्याकडे अजून उघडी आहे आणि त्यात नवं खुसपट नको. पण जातकुळी तुम्ही ओळखालच. नोंदणी फुकट, पिकअप घरून, पैसे दर आठवड्याला खात्यात, आणि जाहिरातीत खोक्यांच्या ढिगापुढे मांडीवर लॅपटॉप घेऊन हसणारी एक ताई. त्या ताईला मला एकदा गाठायचंय. बाई गं, तुझ्या मालाचा भाव तू कसा काढलास, एवढंच विचारायचंय.

मी मुलुंड पूर्वेला राहते. अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स बघते, म्हणजे रोज घाटकोपरला उतरून मेट्रोच्या जिन्यावरची गर्दी. नथी करायच्या त्या रात्री साडेनऊनंतर, ओटा आवरला की. शिकले आईकडून. लालबागच्या चाळीत ती शेजारणींना नथी गाठून द्यायची, आणि मजुरी म्हणजे चहा, फार तर वाटीभर चिवडा. मला वाटतं भावाचा घोळ तिथूनच सुरू झाला. घरात बसून, गप्पा मारत केलेल्या कामाला पैसे मागायचे म्हणजे आमच्याकडे जीभ जड होते.

साईटवर चढायला मात्र काही त्रास झाला नाही, हे आधी कबूल करते. पूर्वी ऑनलाइन साईटवर माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी लागायचीच. 1 ऑक्टोबर 2023 पासून 40 लाखांच्या आतल्या छोट्या विक्रेत्याला ती सक्ती राहिली नाही. पॅनवर जीएसटीच्या पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि तो साईटला द्यायचा. मला दोन संध्याकाळी लागल्या, त्यातली एक ओटीपी येण्याची वाट बघण्यात गेली. पॅन दिलेला असेल आणि वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असेल तर आयकराचा टीडीएसही कापत नाहीत.

अट एकच. अशा क्रमांकावर फक्त आपल्या राज्यात माल विकता येतो. कागदावर वाचताना मला ती किरकोळ वाटली होती. मग बेळगावच्या एका बाईंचा निरोप आला, "तुमची कारवारी नथ हवीय, पण पिनकोड घातला की नाही म्हणतंय." नथ मराठी, बाई मराठी, आणि मध्ये कर्नाटकची सरहद्द. शेवटी त्यांनी कोल्हापूरच्या बहिणीच्या पत्त्यावर मागवली आणि बहीण ती एसटीने घेऊन गेली. बडोद्याच्या आणि म्हापशाच्या दोघींना एवढी खटपट जमली नाही. तेव्हा तुमचं गिऱ्हाईक गोव्यात, इंदूरला किंवा बेळगावात असेल तर नोंदणीचा विचार पहिल्याच दिवशी करा.

आता मालाचं. महिन्यातून एका शनिवारी मी सीएसएमटीला उतरते, क्रॉफर्ड मार्केटवरून शेख मेमन स्ट्रीट धरते आणि मुंबादेवीच्या बाजूने भुलेश्वरात शिरते. मोत्यांची माझी एक ठरलेली पेढी आहे, जिना चढून वरची. शेठ मोत्यांच्या लडी पांढऱ्या गादीवर टाकतात आणि दुसरीकडे बघत बसतात. मी काय करते ते त्यांना पाठ आहे. आधी लड तळहातावर घ्यायची. काचेचा मोती गार आणि जड लागतो, प्लॅस्टिकचा कोमट आणि हलका. मग भोकाची कड नखाने खरवडायची. मुलामा तिथेच सुटतो, आणि एकदा का कडेची पापडी निघाली की नाकावर तो मोती गौरीच्या विसर्जनापर्यंतसुद्धा टिकत नाही. शेवटी एक मोती दातावर घासायचा. कल्चरचा, म्हणजे शिंपल्यात वाढवलेला, कचकच लागतो, नकली गुळगुळीत सरकतो. हे दाताचं प्रकरण करताना मला अजून लाज वाटते, पण लाजेपायी एकदा सातशे रुपयांचा माल फेकावा लागलाय.

299 रुपयांच्या नथीत मी काचेचे मोती वापरते आणि तसं स्वच्छ लिहिते. "मोती" एवढंच लिहून समोरचीला कल्चरचा समज करून देणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. रास्त भाव म्हणजे माझ्या पदरात काय पडलं एवढंच नव्हे ना, तिला काय मिळालं तेही त्यात आलं.

तर एका नथीचा हिशोब. मोती 34 रुपयांचे, लाल-हिरवे खडे 8 चे, तार 5 ची. मोडतोड आणि वाकडे मोती धरून आणखी 5. झाले 52. डबी, आतला स्पंज, कार्ड, बबल रॅप, बाहेरचं खोकं आणि टेप मिळून 24. म्हणजे 76 रुपये तर रोख गेले. आता वेळ. 26 गेजच्या तारेचा कणा वळवायचा, त्यावर 30 गेजच्या बारीक तारेने एकेक मोती बांधायचा, शेवटचं टोक तीन वेढे देऊन आत दाबायचं, म्हणजे नाकपुडीला टोचत नाही. हे मला पस्तीस मिनिटं लागतं. फोटो, निरोपांना उत्तरं, पॅकिंग यांची सरासरी दहा मिनिटं. एकूण पंचेचाळीस.

साईट 15 टक्के कमिशन घेते, म्हणजे 299 वर 45 रुपये. शिवाय दर ऑर्डरला ठरावीक 20, आणि डिलिव्हरीचे 58. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी, आणि मी नोंदणीकृत नसल्यामुळे तो मला वळता करून मिळत नाही. बेरीज 145. हातात 154. त्यातून ते 76 वजा केले की उरले 78. पंचेचाळीस मिनिटांना 78, वाईट नाही, असं म्हणून मी चार महिने खूश होते. बारा वर्षं टॅलीत घालवलेल्या बाईने!

कारण परत आलेला माल मी कुठे धरलाच नव्हता. पहिल्या आठ महिन्यांत 126 ऑर्डरी गेल्या, त्यातल्या 17 परत आल्या. अकरा दारातूनच. कॅश ऑन डिलिव्हरी मागवायचं आणि माणूस दारात आला की "मी नाही मागवलं" म्हणायचं. या धंद्यात त्याला आरटीओ म्हणतात, रिटर्न टू ओरिजिन. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं की आज दोन आरटीओ झाले, तर तो म्हणाला, स्कूटरचं काय केलंस? सहा जणींनी उघडून, बघून परत केल्या. जाण्या-येण्याचं भाडं आणि चेपलेली खोकी मिळून सतरा परतींनी 1600 रुपये खाल्ले. टिकलेल्या 109 नथींवर वाटले तर नथीमागे 15. आणि साईटवर वर दिसण्यासाठी जाहिरातीला घातलेले 2180, म्हणजे नथीमागे आणखी 20. 78 मधून 35 गेले. राहिले 43.

मी हा आकडा वहीत लिहून त्याभोवती गोल केला त्या सकाळी मावशी पोळ्या लाटत होत्या. आमच्याकडे पोळ्यांना येतात, वीस पोळ्या, पाऊण तास, महिन्याचे 2500. मी सहज भागाकार केला. रोजचे 83, आणि खाडे सोडले तर त्याहून जास्त. पाऊण तासच तोही. मावशींनी विचारलं, "ताई, नथीला काय सुटतं हो?" मी खरं सांगितलं. त्यांनी लाटणं थांबवलं नाही, नुसतं मान वळवून बघितलं. म्हणाल्या, "मी पाहुणे आले की आधी सांगते, वरच्या पोळ्यांचे वेगळे. तुम्ही नाय सांगत?" मी कुणाला सांगणार? साईटच्या भाव भरायच्या पानावर किमतीच्या रकान्यापुढे मालाचा खर्च आहे, पॅकिंगचा आहे, वजन आहे, लांबी-रुंदी-उंची आहे. मजुरीला रकानाच नाही. भराल काय?

उलट तिथे एक हिरवा बाण आहे. किंमत टाकली की तो खाली बघतो आणि म्हणतो, "अशीच वस्तू 149 ला विकली जात आहे. किंमत कमी केल्यास विक्री वाढू शकते." अशीच म्हणजे कशी? फोटोवरून जुळवलेली. ती साच्यात ओतून, वरून मुलामा चढवलेली नथ असते, मोतीसुद्धा गोंदाने चिकटवलेले. मालाडला अशा कारखान्यांच्या गल्ल्या आहेत आणि त्या मालाला मी नावं ठेवत नाही. तिथले कारागीर दिवसभर डोळे फोडतात, आणि शाळेच्या गॅदरिंगला चाळीस मुलींना नथी हव्यात तर तीच घ्यावी, मीही घेतलीय. पण यंत्राला दोन्ही सारख्याच दिसतात, आणि दोन-तीन रात्री त्या बाणाकडे बघितलं की आपल्यालाही तसंच वाटायला लागतं. ऑक्टोबरात मी एकदा 249 केली होती. नऊ दिवस. विक्री वाढली, झोप कमी झाली, आणि हातात काय आलं ते इथे लिहीत नाही.

दुसरी कुरबुर खोडलेल्या किमतीची. साईटला छापील किंमत आणि विक्रीची किंमत असे दोन आकडे हवे असतात. मी दोन्हीकडे 299 टाकलं. लगेच सूचना: सूट नसलेला माल मागे पडतो. आजूबाजूला सगळीकडे 999 खोडून 299, 1499 खोडून 349. आठवडाभर मी बाणेदारपणे थांबले. मग छापील 349 केली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण केली.

छापील किमतीवरून आठवलं. पॅकबंद मालावर करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापावाच लागतो, 2011 चे वैधमापनाचे नियम आहेत. कारखान्याला ठीक आहे. माझ्यासारखीचा मात्र घरचा पत्ता मजला आणि खोलीसकट महाराष्ट्रभर फिरतो. एका गृहस्थांनी रात्री अकराला फोन करून विचारलं, मॅचिंग कानातले आहेत का. नंबर तरी मी आता दुसऱ्या सिमचा दिलाय, पत्त्याचं काय करायचं ते कुणी सांगेल तर उपकार होतील.

खोक्याबद्दलही एक सांगते, फुकटचा धडा आहे. सुरुवातीला मी मिठाईच्या आकाराची खोकी आणली होती, 25 बाय 20 बाय 6 सेंटिमीटरची. नथ पॅकिंगसकट शंभर ग्रॅमच्या आत, पण डिलिव्हरीवाले आकारमानाचं वजन धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले 5000. माझं खोकं 600 ग्रॅमचं निघालं आणि अर्ध्या किलोच्या वरचं भाडं लागलं. वीस ऑर्डरी अशा गेल्या. आता 15 बाय 12 बाय 8, म्हणजे 288 ग्रॅम. साईटच्या मदतीच्या पानावर हे सूत्र आहे, पण ते सापडायला आधी दंड भरावा लागतो.

आता ती उघडी तक्रार. मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी एक परत आलेलं पाकीट आलं. कारण लिहिलं होतं, "वर्णनाप्रमाणे नाही." डबी माझी, कार्ड माझं, स्पंजही माझाच. आत नथ दुसरी. साच्यातली, मुलाम्याला तांबूस झाक, एक खडा पडलेला. माझी कुठली हे मला अंधारातही कळेल, आतल्या टोकाला ते तीन वेढे असतात. या नथीला वेढेच नव्हते, मागून सपाट पत्रा. दोन्हींचे जवळून फोटो काढले, तारेचं टोक दाखवलं, तीनदा पाठवले. तीनदा एकच उत्तर आलं: तुमच्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत, पाकीट उघडतानाचा अखंड व्हिडिओ नसल्याने दावा मान्य करता येत नाही. असा व्हिडिओ लागतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. नियमांच्या पानावर आहे, अठ्ठावीसव्या कलमात, मी नंतर मोजलं. गिऱ्हाईकाने मुद्दाम केलं की तिच्या घरात दोन नथींची अदलाबदल झाली, देव जाणे. लग्नघरात असं होतं. मला राग आला तो त्या कटिबद्धचा. तेव्हापासून परत आलेलं प्रत्येक पाकीट मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून, पत्त्याची चिठ्ठी आधी दाखवून उघडते. मुलगा म्हणतो, आई सीआयडी खेळतेय.

चांगलंही लिहायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मग सोडत का नाहीस. पैसे एकदाही चुकले नाहीत. बुधवार म्हणजे बुधवार, पैशापैशाच्या तपशिलासह, आणि माझ्यासारख्या हिशोबी बाईला त्या तपशिलाचं फार सुख आहे. पिकअपला येणारा मुलगा भर जुलैच्या पावसात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाकिटं नेतो. मुख्य म्हणजे मी कधी पाहिलं नाही अशा गावांना माझ्या नथी गेल्या. नंदुरबार, अहेरी, सावंतवाडी, उमरगा. मुलुंडच्या हळदीकुंकवात बसून हे झालं नसतं. आणि प्रश्नोत्तरांच्या रकान्यातून मी शिकले. "फोटोत मोठी दिसते" म्हणून दोघींनी परत पाठवल्यावर मी नथीशेजारी दोन रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढला. त्यानंतर आकारावरून एकही परत आली नाही. फोटो काढायचा सकाळी नऊला, खिडकीशी, ट्यूबलाइट बंद करून. खाली पैठणीचा पदर घालायचा मोह आवरा, जरीत नथ हरवते. मी जुन्या खणाचा तुकडा घालते.

मार्चच्या पहिल्या तारखेला मी किंमत 449 केली आणि जाहिरात बंद केली. मावशींच्या त्या बघण्याचा यात वाटा आहे. वर्णनात एक ओळ घातली, "एक नथ गाठायला पस्तीस मिनिटं लागतात, भावात ती धरलेली आहेत." हिरव्या बाणाचा लाल झाला. पहिले अकरा दिवस एकही ऑर्डर नाही. मी पाडव्यापर्यंत वाट बघायची ठरवली होती, त्याआधीच एक आली, मग दोन. दोन महिन्यांत अकरा नथी टिकल्या आणि एक परत आली, तीही दारातूनच. 449 मधून साईटचे सगळे मिळून 172 जातात, हातात 277 येतात, माल-पॅकिंग आणि त्या एका परतीचा वाटा काढला की नथीमागे साधारण 190 राहतात. पूर्वी महिन्याला तेरा-चौदा नथींचे मिळून सहाशेसुद्धा होत नव्हते. आता पाच-सहा नथींचे हजाराच्या वर होतात, आणि रात्री साडेनऊनंतर कधीकधी मी नुसती बसते.

उद्या सुरू करत असाल तर परतीचं भाडं आणि स्वतःची मजुरी पहिल्याच नथीच्या भावात घाला, नंतर वाढवताना फार जड जातं. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघींनी विचारलं, इतकी का वाढली? एकीला पटलं. दुसरीने 149 वाली घेतली आणि फोटो पाठवला. छान दिसत होती तिला.

तारे विचाराल तर तीन. पैशाच्या वक्तशीरपणाला एक, गावोगावच्या पोहोचीला एक, पिकअपच्या मुलाला एक. चौथा त्या वेढे नसलेल्या नथीचा निकाल लागेपर्यंत माझ्याकडेच. ती मी डबीसकट कपाटात ठेवलीय, पाकिटावरच्या चिठ्ठीसह. गौरींसाठी तीस नथी करायला घेतल्यात. वीस साईटवर टाकीन, 449 लाच. दहा इथे सोसायटीत. त्यांना कमिशन नाही, खोकं नाही, भाडं नाही, म्हणून 250. मावशींनी एक आत्ताच बाजूला ठेवायला सांगितलीय, दाबाची, पुतणीच्या लग्नासाठी. किती द्यायचे ते त्यांनी आधी विचारलं.